हप्त्याहप्त्याने मंजूर झालेले ग्रंथालय

लंडनच्या यूस्टन रोडवर, सेंट पँक्रास रेल्वे स्थानकाला लागून उभी असलेली ब्रिटिश लायब्ररीची लाल विटांची इमारत २५ जून १९९८ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते औपचारिकरीत्या खुली झाली. या कामासाठी वास्तुविशारद कॉलिन सेंट जॉन विल्सन यांची नेमणूक झाली होती १९६२ साली. नेमणूक आणि उद्घाटन यांच्यामध्ये ३६ वर्षे गेली, देशाने आठ पंतप्रधान पाहिले, जागा बदलली, आराखडे अनेकदा नव्याने काढावे लागले. राष्ट्रीय ग्रंथालय नकोच, असे या काळात एकाही सरकारने म्हटले नाही. पण पूर्ण इमारतीला, एकाच वेळी, पैशाच्या तरतुदीसह मान्यताही एकाही सरकारने दिली नाही. या इमारतीचा जवळपास सारा इतिहास या एका गोष्टीत सामावलेला आहे, आणि सार्वजनिक बांधकामाला सरकारी मंजुरी कशी मिळते, कशी अडते आणि अडल्यावर तिची किंमत कोण मोजतो, हे समजून घेण्यासाठी याच्याइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

नव्या इमारतीची गरज जुनी होती. १७५३ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश म्युझियममध्ये वस्तुसंग्रह आणि ग्रंथसंग्रह एकाच छपराखाली होते. अँटोनियो पॅनिझी या ग्रंथपालाच्या कल्पनेतून आणि सिडनी स्मर्क यांच्या आराखड्यातून १८५७ साली म्युझियमच्या मधल्या चौकात घुमटाचा प्रसिद्ध वर्तुळाकार वाचनकक्ष उभा राहिला. कार्ल मार्क्सपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपर्यंत अनेकांनी म्युझियमच्या या ग्रंथालयात बसून अभ्यास केला. मात्र देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत या ग्रंथालयाला देणे प्रकाशकांवर कायद्याने बंधनकारक होते. त्यामुळे संग्रह कधी थांबणारच नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुस्तके लंडनभर विखुरलेल्या गोदामांत गेली होती, वर्तमानपत्रे लंडनच्याच कॉलिन्डेल भागात होती, आणि वाचकाने मागितलेले पुस्तक हाती यायला पुष्कळदा एक-दोन दिवस लागत.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनच्या विकास आराखड्यात म्युझियमच्या दक्षिणेला, ग्रेट रसेल स्ट्रीटपलीकडची ब्लूम्सबरीतील जमीन ग्रंथालयासाठी राखून ठेवण्यात आली. लेस्ली मार्टिन आणि विल्सन यांनी तिथला आराखडा १९६४ मध्ये सादर केला. त्यात म्युझियमसमोर मोठा मोकळा चौक, हॉक्समूरने बांधलेले सेंट जॉर्ज चर्च जपलेले आणि भोवती ग्रंथालयाच्या इमारती अशी रचना होती. आराखडा तत्त्वतः मान्यही झाला. परंतु आरक्षित जमीन मोकळी नव्हती. तिथे जुनी जॉर्जियन घरे होती, भाडेकरू होते, दुकाने होती. कॅमडन काउन्सिल आणि स्थानिक खासदार लीना जेगर यांनी विरोध उभा केला. राष्ट्रीय संस्थेसाठी एक वस्ती उठवायची का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. ऑक्टोबर १९६७ मध्ये शिक्षणमंत्री पॅट्रिक गॉर्डन वॉकर यांनी ब्लूम्सबरीची योजना रद्द केल्याचे जाहीर केले. म्युझियमच्या विश्वस्त मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष होते लॉर्ड रॅडक्लिफ, म्हणजे वीस वर्षांपूर्वी ज्यांनी भारत आणि पाकिस्तान यांच्यातील सीमारेषा आखली तेच सिरिल रॅडक्लिफ. सरकारने विश्वस्तांशी नीट सल्लामसलत न करता हा निर्णय घेतला, यावर त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये अत्यंत कडक शब्दांत टीका केली.

योजना रद्द करताना सरकारने एक उपयोगी काम मात्र केले. रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक डेंटन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि राष्ट्रीय ग्रंथालयांची व्यवस्था मुळापासून तपासायला सांगितले. १९६९ च्या अहवालात समितीने म्युझियमचे ग्रंथालय, पेटंट आणि विज्ञानाचे संदर्भ ग्रंथालय, यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा येथील विज्ञान-तंत्रज्ञानाचे देवघेव ग्रंथालय, राष्ट्रीय ग्रंथसूची अशा वेगवेगळ्या संस्था एका छत्राखाली आणण्याची शिफारस केली. त्यावर जानेवारी १९७१ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, १९७२ मध्ये ब्रिटिश लायब्ररी कायदा झाला आणि १ जुलै १९७३ पासून ब्रिटिश लायब्ररी ही स्वतंत्र संस्था कामाला लागली. श्वेतपत्रिका ज्यांच्या मंत्रिपदाच्या काळात निघाली, ते लॉर्ड एकल्स संस्थेच्या मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. धोरण ठरले, कायदा झाला, संस्था झाली. इमारत मात्र कागदावरच होती. श्वेतपत्रिकेने तीही पुन्हा ब्लूम्सबरीतच बांधायचे ठरवले होते, आणि विल्सन यांनी त्यानुसार दुसरा आराखडा तयारही केला.

पण विरोध मावळला नव्हता. दरम्यान जॉर्जियन वस्त्या पाडण्याबद्दल लोकमत आणखी तीव्र झाले होते. शेवटी सरकारने सेंट पँक्रास स्थानकाच्या पश्चिमेची, रेल्वेच्या जुन्या माल यार्डाची सुमारे साडेनऊ एकर जमीन निवडली आणि १९७० च्या दशकाच्या मध्यास ती घेतली. कुणाचे घर पाडावे लागणार नव्हते, रस्ता मोठा होता, तीन मोठी रेल्वे स्थानके चालत जाण्याच्या अंतरावर होती. ज्या वाचकांना म्युझियमच्या घुमटाखाली बसण्याची सवय होती त्यांना हे स्थलांतर वनवासासारखे वाटले आणि ती नाराजी पुढे वीस वर्षे टिकली. तरी जागेची निवड योग्यच होती. ब्लूम्सबरीच्या आराखड्यांवर गेलेली तेरा-चौदा वर्षे मात्र परत येणार नव्हती. ताबा मिळण्याची खात्री नसलेल्या जमिनीवर आराखडा मंजूर करणे म्हणजे काय, हे या काळाने पुरते दाखवले.

मार्च १९७८ मध्ये शिक्षणमंत्री शर्ली विल्यम्स यांनी सेंट पँक्रासच्या योजनेला सरकारची संमती जाहीर केली. इमारत तीन मोठ्या टप्प्यांत बांधायची आणि पहिल्या टप्प्याचेही पुन्हा १अ, १ब, १क असे भाग करायचे, असे ठरले. यामागचे कारण वास्तुरचनेचे नव्हते, ते अर्थखात्याचे होते. १९७५ मध्ये ब्रिटनमधील महागाईचा दर २४ टक्क्यांच्या पुढे गेला होता, १९७६ मध्ये देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावे लागले होते. अशा वेळी पंधरा-वीस वर्षे चालणाऱ्या बांधकामाची पूर्ण रक्कम मान्य करायला अर्थखाते तयार नव्हते. एक भाग बांधा, मग पुढचे पाहू, ही तडजोड त्या घटकेला शहाणपणाची वाटली. लगेच पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये सरकार बदलले. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने सार्वजनिक खर्चाला कात्री लावताना ही योजनाही फेरविचारासाठी घेतली आणि १९८० च्या अखेरीस फक्त १अ या भागाला हिरवा कंदील दाखवला. १९८२ मध्ये काम सुरू झाले. त्या डिसेंबरात युवराज चार्ल्स यांच्या हस्ते पायाभरणीचा समारंभ झाला.

त्या काळच्या ब्रिटनमध्ये सरकारी इमारतीचे काम कसे चाले, हे इथे थोडे सविस्तर पाहायला हवे. खर्चाची जबाबदारी कला आणि ग्रंथालयांच्या खात्याकडे होती. बांधकाम करून घेणारी यंत्रणा वेगळी होती. सरकारच्या मालमत्ता सांभाळणारी प्रॉपर्टी सर्व्हिसेस एजन्सी हे काम पाही. इमारत जिला वापरायची ती ब्रिटिश लायब्ररी तिसरी, आणि या तिघांवर अर्थखाते. पैसा संसदेच्या मंजुरीने वर्षावर्षाने मिळे. एखाद्या वर्षी काम मागे पडले तर त्या वर्षीची रक्कम पुढे नेणे अवघड, आणि पुढच्या वर्षी जास्त मिळेल याची शाश्वती नाही. म्हणजे कामाचा वेग बांधकामाच्या गरजेनुसार न ठरता वार्षिक तरतुदीनुसार ठरत होता. सरकारी इमारत असल्यामुळे कॅमडन काउन्सिलची नेहमीची बांधकाम परवानगी लागत नव्हती, सल्लामसलत पुरेशी होती. शासकीय बांधकामांना ही सूट ब्रिटनमध्ये २००६ पर्यंत होती. एक परवानगी वाचली खरी, पण सगळ्या कामाचा जाब एकाच ठिकाणी विचारता येईल असा अधिकारी कुठेच नव्हता.

ग्रंथालयाची इमारत तुकड्यांनी बांधणे इतर इमारतींपेक्षा अधिक कठीण असते. कचेरी असेल तर आज दोन मजले आणि दहा वर्षांनी आणखी दोन, असे जमते. ग्रंथालयात सगळे तळघरावर अवलंबून असते. सेंट पँक्रासला जमिनीखाली पाच मजले खोदले गेले, सुमारे २४ मीटर खोल, आणि तेही भुयारी रेल्वेच्या बोगद्यांना धक्का न लावता. तिथे पुस्तकांसाठी तापमान १७ अंशांच्या आसपास आणि हवेतील आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळपास कायम ठेवायची होती. वाचकाने मागणी नोंदवली की तळघरातले पुस्तक सरकत्या पट्ट्यांवरून वरच्या वाचनकक्षात पोहोचावे, अशी यंत्रणा होती. वातानुकूलन, वीज, आग विझवण्याची व्यवस्था, हे सरकते पट्टे या सगळ्यांची क्षमता पूर्ण इमारतीचा आकार माहीत असेल तरच ठरवता येते. पुढचा भाग होणार की नाही हेच ठाऊक नसेल, तर ती मोठी धरावी की लहान? मोठी धरली तर पैसे वाया जाण्याचा धोका, लहान धरली तर पुढचा भाग जोडताना पुन्हा तोडफोड. रचनाकारांना वर्षानुवर्षे या पेचात काम करावे लागले.

निर्णायक वळण १९८८ मध्ये आले. सरकारने दुसरा आणि तिसरा टप्पा कायमचा सोडून दिला. पहिल्या टप्प्यातील उरलेल्या भागांऐवजी एकच छोटा ‘पूर्तता टप्पा’ बांधायचा आणि सगळ्या इमारतीचा एकूण खर्च ४५ कोटी पौंडांच्या आत ठेवायचा, असे ठरवले. दहा वर्षांत पहिल्यांदाच कामाला शेवटचा आकडा मिळाला, आणि त्याचे श्रेय सरकारला द्यावे लागेल. पण पूर्ततेचा अर्थही या निर्णयाने बदलून टाकला. आधी मान्य झालेली इमारत आता पूर्ण होणार नव्हती. जेवढी झाली आहे तिला चांगला शेवट द्यायचा आणि तीच पूर्ण मानायची, असा तो अर्थ होता. १९७८ च्या योजनेत वाचकांसाठी तीन हजारांहून अधिक जागा होत्या, त्या सुमारे बाराशेवर आल्या. सगळा संग्रह एकत्र आणण्याचे मूळ उद्दिष्ट, ज्यासाठी पंचवीस वर्षांपूर्वी हा खटाटोप सुरू झाला होता, ते तिथेच सुटले. कमी वापराची पुस्तके यॉर्कशरमध्येच राहतील हे उघड झाले. उत्तरेकडील मोकळी जमीन, जिथे पुढचे टप्पे यायचे होते, रिकामीच राहिली.

१९९० मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या कामावर पहिला अहवाल दिला आणि संसदेच्या लोकलेखा समितीने तो तपासला. जबाबदारी विभागलेली, सुरुवातीच्या भागांसाठी एकूण अंदाजपत्रक आणि पूर्णत्वाची पक्की तारीख नसलेली, असे चित्र त्यातून समोर आले. इमारत उघडण्याच्या तारखा पुढे पुढे जात होत्या. तेवढ्यात, १९९१ मध्ये, तळघरातल्या फिरत्या कपाटांचा घोटाळा उघडकीस आला. जागा वाचवण्यासाठी रुळांवर सरकणारी, हाताने चाक फिरवून हलवता येणारी पोलादी कपाटे बसवली होती. अशा फळ्यांची लांबी शेकडो किलोमीटर होती. त्यांच्या रंगाखाली गंज धरलेला आढळला आणि चाकांची यंत्रणा घसरून कपाटे अडकत होती. दुर्मीळ पुस्तके चिरडण्याची किंवा पडण्याची भीती होती. त्यामागोमाग विजेच्या तारांचे आवरण ओढताना खराब झाल्याचे दिसले आणि तारांचा मोठा भाग पुन्हा टाकावा लागला. आग विझवण्याच्या पाइपांतही दोष निघाले. हे दोष एका दिवसात झालेले नव्हते. बांधकाम लांबत गेल्यावर देखरेख करणारे बदलतात, एकाने केलेले काम दुसरा मोजतो, आणि ते काम वापरात येईपर्यंत वर्षे निघून गेलेली असतात.

१९९२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय वारसा खात्याकडे ही जबाबदारी आली. १९९४ मध्ये जेराल्ड कॉफमन यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने खर्च आणि विलंब यांवर तर टीका केलीच, वर ही इमारत जगातल्या अत्यंत कुरूप इमारतींपैकी एक असल्याचा शेराही मारला. त्याआधी युवराज चार्ल्स यांनी वाचनकक्षाची तुलना गुप्त पोलिसांच्या अकादमीच्या सभागृहाशी केली होती. या शेऱ्यांची बातमी मोठी झाली, पण ते अन्यायाचे होते. आकाराबद्दल मतभेद होऊ शकतात. ३० वर्षे सतत कापल्या जाणाऱ्या आराखड्यातून माणसांना शांतपणे बसता येईल असे, उंच आणि वरून उजेड येणारे कक्ष टिकवून ठेवणे ही विल्सन आणि त्यांच्या सहकारी वास्तुविशारद एम. जे. लाँग यांची मोठी कामगिरी होती. शेजारच्या गिल्बर्ट स्कॉट यांच्या स्थानकाच्या विटेशी रंग जुळावा म्हणून लेस्टरशरमधल्या लाल विटा वापरण्यात आल्या, सुमारे एक कोटी. सार्वजनिक टीकेची झळ विल्सन यांच्या कार्यालयाला बसली आणि नवी कामे मिळणे त्यांना अवघड झाले.

१९९६ मध्ये लेखापरीक्षण कार्यालयाने दुसरा अहवाल दिला. या वेळी विषयच नव्या ब्रिटिश लायब्ररीच्या पूर्ततेची प्रगती हा होता. ४५ कोटी पौंडांची मर्यादा ओलांडली गेली होती. शेवटचा आकडा ५१ कोटी १० लाख पौंडांवर गेला. मूळ योजनेच्या लहानशा भागासाठी एवढा खर्च झाला, याला फक्त कंत्राटदार किंवा फक्त वास्तुविशारद जबाबदार धरणे सोपे असले तरी ते खरे नाही. महागाईच्या काळात काम जितके लांबते तितके महाग पडते, आणि इथे ते मंजुरीच्या पद्धतीमुळेच लांबले होते. वर्षाला थोडेथोडे देऊन वाचवलेला पैसा शेवटी दुरुस्तीत, फेरआराखड्यांत आणि प्रतीक्षेत गेला.

दरम्यान स्थलांतर सुरू झाले होते. सुमारे १ कोटी २० लाख पुस्तके आणि इतर वस्तू हलवायच्या होत्या, आणि त्याही वाचकांची सेवा शक्य तितकी चालू ठेवून. ऑक्टोबर १९९७ मध्ये म्युझियममधला वर्तुळाकार वाचनकक्ष बंद झाला आणि २४ नोव्हेंबर १९९७ रोजी सेंट पँक्रासचा पहिला वाचनकक्ष उघडला. उरलेले कक्ष १९९९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सुरू झाले. तिसऱ्या जॉर्ज राजाचा ग्रंथसंग्रह, जो राष्ट्राला देताना तो लोकांना दिसेल असा ठेवण्याची अट होती, इमारतीच्या मध्यभागी सहा मजली काचेच्या मनोऱ्यात उभा राहिला.

मराठी अभ्यासकांसाठी या इमारतीचे महत्त्व वेगळे आहे. १९८२ मध्ये इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि दफ्तर परराष्ट्र खात्याकडून ब्रिटिश लायब्ररीकडे आले आणि १९९८ मध्ये ते ब्लॅकफ्रायर्स रोडवरच्या इमारतीतून सेंट पँक्रासला हलवले गेले. मुंबई इलाख्याचा कारभार, पेशवाईच्या शेवटच्या काळातील इंग्रजी पत्रव्यवहार, संस्थानांची प्रकरणे यांची कागदपत्रे त्यात आहेत. सावरकरांनी १८५७ च्या ग्रंथासाठी इंडिया ऑफिसच्याच ग्रंथालयात साधने वाचली होती. म्युझियमकडे पूर्वीपासून मराठी छापील पुस्तकांचा संग्रह होता. त्याची गुजराती पुस्तकांसह केलेली जे. एफ. ब्लूमहार्ट यांची सूची १८९२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. हे दोन्ही संग्रह आता एका इमारतीत, एकाच वाचनकक्षात मागवता येतात. पुण्या-मुंबईहून थोड्या दिवसांसाठी जाणाऱ्या संशोधकाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

पुस्तकांच्या जागेचा प्रश्न इमारत उघडली तेव्हाच पुन्हा उभा होता, कारण कापलेल्या टप्प्यांबरोबर साठवणीची जागाही गेली होती. त्याचे उत्तर लंडनबाहेर शोधावे लागले. बॉस्टन स्पा येथे २००९ मध्ये यंत्रमानवांनी चालणारे, आगीचा धोका टाळण्यासाठी प्राणवायूचे प्रमाण कमी ठेवलेले गोदाम सुरू झाले. कॉलिन्डेलचे वर्तमानपत्र ग्रंथालय बंद होऊन २०१५ मध्ये वर्तमानपत्रेही तिथेच नव्या इमारतीत गेली. त्याच वर्षी सेंट पँक्रासच्या इमारतीला वारसा इमारतींमधला सर्वोच्च, पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला. विल्सन तोवर हयात नव्हते. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

पुढच्या टप्प्यांसाठी मुळात ठेवलेल्या जमिनीपैकी मागचा भाग सरकारने २००७ मध्ये विकला आणि तिथे फ्रान्सिस क्रिक ही जीवशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. ग्रंथालयाला लागून सुमारे पावणेतीन एकर जमीन शिल्लक राहिली. तिथे प्रदर्शनांसाठी दालने, अभ्यासाच्या जागा आणि व्यावसायिक कार्यालये असा विस्तार करण्याची योजना एका खासगी विकसकासोबत आखण्यात आली असून, तिला या वेळी कॅमडन काउन्सिलची रीतसर बांधकाम परवानगी घ्यावी लागली आणि ती मिळालीही. मूळ इमारतीला वारसा दर्जा असल्यामुळे तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक भागाला त्यासाठीची वेगळी संमती लागते. ग्रंथालयाच्या भागाचा खर्च भागवण्यासाठी कार्यालयांच्या मजल्यांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा आधार घ्यायचा, अशी या विस्ताराची आर्थिक मांडणी आहे.